एक्केचाळीस दिवसांचं शेवाळ

६ फेब्रुवारी

धाकटे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुमच्या मुख्य ऑफिसात आलेल्या पाकिटावर कुणीतरी शिक्का मारतं आणि ते तुझ्या टेबलावर आणून ठेवतं, एवढं मला माहीत आहे. फोन कापता येतो. शिक्का मारलेलं पाकीट मिळालंच नाही असं म्हणता येत नाही.

सोमवारी सकाळी इथल्या धुराड्याचा धूर धुणारा स्क्रबर बंद झाला. बिघडला नाही, बंद केला. बॉयलरवाले काका मुद्दाम शेडमध्ये सांगायला आले, कारण त्यांना वाटलं मला आनंद होईल. तुमच्या शेवाळानं मैदान मारलं म्हणाले. मला कळेचना ते कशाबद्दल बोलताहेत. मग त्यांनी खिशातून कागदाची घडी काढली. खाली तुझी सही. शेडमधल्या शेवाळाने न धुतलेला धूर एक्केचाळीस दिवस सहन केल्याचं सिद्ध झालं आहे, त्यामुळे चुन्याच्या पाण्याने धूर धुण्याची गरज उरलेली नाही, सबब पाच आठवडे स्क्रबर बंद ठेवून पाहावं आणि नंतर समितीने येऊन तो कायमचा काढायचा का ते ठरवावं. सबब हा शब्द तू कधीपासून वापरायला लागलीस?

सहन कुणी केलं गं? सोळा नळ्यांत धूर पिऊन वाढणाऱ्या शेवाळाने. आणि त्या सोळा नळ्यांत या धुराड्याचा किती धूर येतो, हे तुला मी सांगायचं? बुंध्याशी जो मनगटाएवढा पाइप लावलाय तेवढाच आपला. शंभरातला एक भाग. उरलेले नव्व्याण्णव वर जातात आणि वारा पडला की खाली वसाहतीत उतरतात. त्या वसाहतीत तू दहावीपर्यंत अभ्यास केलास. अप्पा अजून तिथेच राहतात, आणि मीही.

शेवाळाला आपण शिकवलं. पहिल्या पंधरवड्यात हवेत शंभराला दोन भाग धूर, मग चार, मग सात. पिवळं पडलं ते ओतून दिलं, हिरवं राहिलं तेच पुढच्या नळीत पेरलं. अडीच वर्षं गेली त्याला. अप्पांना कुणी असं दोन भाग, चार भाग करत शिकवलेलं नाही. आणि वसाहतीतलं जे पिवळं पडेल ते ओतून द्यायची तुमच्या ऑफिसात काय सोय केली आहे, तेही कळव.

हा कागद मागे घे. कारण काहीही दे, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. समिती दहा मार्चला यायची आहे, म्हणजे तुझ्याजवळ वेळ आहे.

तुझ्याच भाषेत,
शेडची ऑपरेटर


१५ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर आलं. माझ्या नावाने नाही, इथल्या साहेबांच्या नावाने. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, तुझी तीन पानं समोर सरकवली आणि मी वाचत असताना माझं तोंड न्याहाळत बसले. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. ती विद्या मी तुझ्या आधी शिकले आहे.

तू लिहितेस की शेडच्या मागच्या पडीक जमिनीवर उद्या शेवाळाची तळी होतील, सगळाच्या सगळा धूर त्यांतून जाईल, आणि धुतलेल्या धुरावर लाडाने वाढलेलं शेवाळ तिथे काही कामाचं नाही. जे रोज खायचं आहे त्याचीच सवय हवी. यातलं निम्मं खरं आहे, म्हणून तर माझं डोकं फिरलं. साफ खोटं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तळी उद्या आहेत आणि स्क्रबर आज बंद आहे. त्या पडीक जमिनीवर आज तीन मोडके ट्रक उभे आहेत आणि त्यांच्या टपांवर झुडपं उगवली आहेत. तुझ्या आलेखात ते ट्रक कुठे दिसले नाहीत.

शिवाय तिसऱ्या पानावर "शेडवरील कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून". कर्मचाऱ्यांच्या. या शेडमध्ये किती कर्मचारी आहेत? एक. तिचं तुझ्याशी काय नातं आहे हे लिहिताना तुझं पेन अडखळलं का? मागच्या वर्षी पाहुण्यांना घेऊन आलीस तेव्हा तरी कुठे अडखळली होतीस. त्या उंच गृहस्थांनी मला पाहून विचारलं, या कोण? आणि तू म्हणालीस, "या आमच्या शेडच्या ऑपरेटर." मी हातात पिपेट धरून उभी होते. बहीण म्हटलं असतंस तर तुझ्या कोटाची इस्त्री मोडली असती का? वर्षभर मी ते पोटात ठेवलं. आता ठेवत नाही.

ही सुरुवात कुठे झाली ते तरी आठव. मागच्या ओट्यावर, काचेच्या सहा बरण्यांत. माशांच्या टाकीचा पंप, त्याला सायकलच्या व्हॉल्व्हची नळी. तू वहीत आकडे मांडायचीस आणि मी बरण्या हलवायचे. माझे हात भरून आले की म्हणायचीस, ताई, अजून पाचच मिनिटं. ती पाच मिनिटं अजून संपलेली नाहीत.

इथलं सांगते, तू विचारलं नाहीस तरी. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर बारीक पिवळट ठिपके पडलेत, ते धुऊन जात नाहीत. शेजारच्या बाईंनी खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या सुरळ्या कोंबल्यात. अप्पा पहाटे उठून बसतात आणि खोकतात. विचारलं तर म्हणतात, हवा बदललीय. बत्तीस वर्षं त्या बॉयलरवर काढली त्यांनी. धुराड्याबद्दल वाईट बोललेलं त्यांना स्वतःच्या खोकल्याकडूनही खपत नाही. तुझा कागद मी त्यांना वाचून दाखवला. म्हणाले, "धाकटीनं काही विचार करूनच लिहिलं असेल." मी त्यांचा चहा थोडा जोरात ठेवला, तो बशीत सांडला. तेवढंच माझ्या हातात होतं.

कागद मागे घे. दुसऱ्यांदा सांगते आहे.

ताई


२४ फेब्रुवारी

धाकटे,

शुक्रवारी अप्पा जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसले ते उठेनात. मी आणि शेजारच्या बाईंनी मिळून वर आणलं. डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली आणि मला विचारलं, गेल्या महिन्यात घरात किंवा आसपास काही बदललंय का? धूळ, रंगकाम, काही? मला उत्तर पाठ होतं. मी म्हटलं, तसं काही नाही. असं का म्हटलं, याचा मी त्या दिवसापासून विचार करते आहे, आणि म्हणून हे पत्र.

दोन पत्रांत मी तुला जे बोलले त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण एक गोष्ट मी दोन्ही वेळा गाळली. ती आता लिहिते.

गेल्या वर्षी स्क्रबरचा पंप जळला आणि नवा यायला एक्केचाळीस दिवस लागले. तेवढे दिवस बॉयलर काही थांबला नाही. नळ्यांत बिनधुतलेला धूर येऊ लागला, त्यातल्या गंधकाने पाणी आंबट व्हायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पीएच मोजला तर साडेचार. सातच्या जवळपास हवा, आणि साडेचार. नववी नळी कडेने पिवळी पडायला लागली होती. दोन वर्षं ज्याला एकेक भाग धूर वाढवत जपलं ते माझ्या डोळ्यांसमोर मरत होतं. कोपऱ्यात काच घासायला ठेवलेला खाण्याचा सोडा होता. मी प्रत्येक नळीत दोन दोन चमचे घातला. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं, सहा पूर्णांक आठ. तो आकडा मी वहीत लिहिला. सकाळचा पीएच, सहा पूर्णांक आठ.

दुसऱ्या दिवशी तेच केलं. मग रोज. आठला यायचं ती मी साडेसहाला यायला लागले, कुणी पाहू नये म्हणून. आकडा कधी खोटा लिहिला नाही. वेळ लपवली, नुसतं 'सकाळचा' लिहिलं. सोड्याआधीचा आकडा त्या वहीत एकदाही नाही. म्हणजे त्या एक्केचाळीस दिवसांत धूर सोसला तो माझ्या चमच्याने, आणि नाव झालं शेवाळाचं. सोड्याशिवाय ते किती दिवस तगलं असतं, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण मी कळूच दिलं नाही.

मला ते मरू द्यायचं नव्हतं, एवढंच कारण आहे. यापेक्षा भारदस्त कारण असतं तर मीही ते तीन पानांत लिहिलं असतं.

आणि ऐक, हे सगळ्यात वाईट. स्क्रबर बंद झाल्यापासून रोज सकाळी मी पुन्हा सोडा घालते आहे. आजही घातला. तुला एका हाताने पत्रातून झोडपते आणि दुसऱ्या हाताने तुझा प्रयोग यशस्वी करून देते. अप्पा ज्या दिवशी चौथ्या पायरीवर बसले त्या दिवशी सकाळी मी बत्तीस चमचे मोजून घातले होते.

तुला यातलं काही माहीत नव्हतं असं धरून मी हे लिहिते आहे. आता माहीत झालं. नोंदींत दोष आढळला असं लिही आणि कागद मागे घे. ऑपरेटरची चूक म्हण, मी सही करून देते. माझी या कामातून हकालपट्टी होईल ती होऊ दे. तू सुटशील, स्क्रबर सुरू होईल. याहून सोपी वाट मला सापडली नाही.

ताई


४ मार्च

"समिती दहाला येतेय, मीही येतेय. तोपर्यंत नेहमीप्रमाणे चालू ठेव. बाकी मी बघते."

एवढीच तुझी चिठ्ठी. खाली सही नाही. वर ताई नाही. पॅडच्या कागदाचा ऑफिसचं नाव छापलेला वरचा भाग कात्रीने कापून टाकलेला. एवढं जपून तू मला आजवर काहीच पाठवलं नव्हतंस.

नेहमीप्रमाणे म्हणजे काय गं? मी तुला अप्पा जिन्यात बसले ते लिहिलं. मी तुला माझी चोरी स्वतःच्या हाताने लिहून दिली. त्यावर तुझं उत्तर, चोरी चालू ठेव.

मग आता उरलेलंही लिहिते. मागच्या पत्रात मी तुझ्यासाठी एक दार उघडं ठेवलं होतं, तुला माहीत नव्हतं असं लिहून. ते मी स्वतःच्या हाताने लावते. त्या एक्केचाळीसातल्या विसाव्या दिवशी तुझा फोन आला होता. पंप अजून आलेला नाही आणि शेवाळ कसं काय तगलंय, असं तू विचारलंस. मी म्हटलं, रोज थोडा सोडा घालते. मग तू म्हणालीस, "तेवढं वहीत लिहीत बसू नकोस, ताई." आवाज इतका साधा होता की मला बरंच वाटलं. चला, हिला चालतंय म्हणजे ठीक असेल. शिकलेली ती आहे. मी फोन ठेवला आणि गाणं गुणगुणत नळ्या पुसल्या, हेही आठवतं. त्या गुणगुणण्याचा मला आज जितका संताप येतो तितका तुझ्या वाक्याचाही येत नाही.

तुझ्या कागदातले एक्केचाळीस दिवस खोटे आहेत हे कागद लिहिताना तुला माहीत होतं. माहीत असून लिहिलंस. मी शेवाळ वाचवायला खोटं लिहिलं आणि तू त्या खोट्यावर वसाहतीचा श्वास पणाला लावलास. दोघी सारख्या नाही आहोत आपण. वर-खाली कोण ते तू ठरव.

सोड्याचा डबा आज सकाळी मोरीत रिकामा केला. आजपासून दोनदा मोजत नाही, एकदाच मोजते, आणि ज्या वेळी मोजते ती वेळही लिहिते. सहा दिवस आहेत. जे होईल ते समितीला दिसेल.


१२ मार्च

तू समितीबरोबर गाडीत बसून आलीस आणि समितीबरोबर गाडीत बसून गेलीस. त्यामुळे आधीचे सहा दिवस आणि नंतरचे दोन तुला ठाऊक नाहीत. ते लिहिते.

पहिल्या दिवशी पाच पूर्णांक नऊ. तिसऱ्या दिवशी चार पूर्णांक चार, आणि नळ्यांच्या तळाशी गाळ बसायला लागला. चौथ्या दिवशी शेडमध्ये कुजका वास. त्या दिवशी मी दोनदा दुकानापर्यंत गेले, सोडा आणायला. दोन्ही वेळा काडेपेटी घेऊन परत आले. घरात आता काडेपेट्यांना तोटा नाही. पाचव्या दिवशी मी स्टुलावर बसून रडले, सांगून टाकते. साहेब आले, नळ्यांचा रंग बघून त्यांचाच उतरला. म्हणाले, काहीतरी घाला हो यात. मी म्हटलं, काय घालू ते लिहून द्या. ते लिहून न देता गेले.

सहाव्या दिवशी सोळातल्या चौदा नळ्या फिक्या चहासारख्या झाल्या होत्या. तिसरी आणि अकरावी हिरवी होती. झकास हिरवी नाही, मळकी, पण जिवंत. अडीच वर्षांत आपण खरोखर जे कमावलं ते एवढं आहे, सोळात दोन. वाईट नाही ते. खरं लिहिलं असतं तर त्या दोन नळ्यांपासून पुढे किती जाता आलं असतं, याचा विचार कर. मी केला, आणि म्हणून अजून झोप लागत नाही.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. जाड चष्म्याच्या त्या बाईंनी वही उलटून पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, हा सकाळचा पीएच किती वाजता मोजलेला? इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तूही नाही. मी सगळं सांगितलं. चमच्यांचा आकडासुद्धा. तुमचे ते उंच गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागले. बाई लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत होतं?"

तू माझ्यासमोर बसली होतीस. मध्ये फक्त टेबल. मी थांबले. मोजून सांगत नाही, पण बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं एवढा वेळ थांबले. तू मान वर करशील असं मला वाटलं. मग मी म्हटलं, "कुणालाच नाही."

तू पेला उचललास आणि पाणी प्यालीस.

अप्पा त्या दिवशी सकाळपासून धुवट सदरा घालून बसले होते. धाकटी आलीय म्हटल्यावर येईल घरी, पाच मिनिटं तरी. संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा ते तसेच बसलेले. मी सगळं सांगितलं. शेडची किल्ली काढून घेतली ते, चौकशी होणार ते, आणि स्क्रबर दुसऱ्या दिवशी सुरू होणार ते. एवढं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "धाकटीचं नाव आलं का त्यात?" मी म्हटलं, नाही. "बरं झालं," म्हणाले, आणि जेवायला बसले. मी त्यांना वाढलं. मला जेवण गेलं नाही.

काल दुपारी स्क्रबर सुरू झाला. बॉयलरवाले काका आता माझ्याशी बोलत नाहीत, नजरही चुकवतात. तिसऱ्या आणि अकराव्या नळीतलं शेवाळ चष्म्याच्या बाई दोन बाटल्यांत भरून घेऊन गेल्या. वर चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली, सोड्याशिवाय, सहावा दिवस. शेवाळाची काळजी मला उरलेली नाही.

तुझी आहे. माझं खोटं मी चार माणसांसमोर काढून ठेवलं, त्याची जी शिक्षा व्हायची ती होईल आणि ती माझी आहे. पण "कुणालाच नाही" हे माझं नव्हतं. ते तुझं होतं आणि माझ्या तोंडून गेलं. लहानपणापासून तुझं मी माझ्यावर घेत आले. घरात सगळ्यांनी ते गृहीत धरलं, अप्पांनी, तू आणि मी. त्या टेबलाशी मी ते ठरवून बोलले नाही, सवयीने बोलले, आणि तू सवयीने पाणी प्यालीस. मला याचा इतका राग आहे की तो कुठे ठेवू ते कळत नाही.

मी बाईंकडे जाऊन ते वाक्य बदलणार नाही. मी गेले तर तुझं काम आणखी एकदा मीच केल्यासारखं होईल. त्यांचा पत्ता या पाकिटाच्या मागे लिहिला आहे. मला पत्र लिहू नकोस, त्यांना लिही. एक ओळ पुरे, खाली सही कर. ते पोचलं की घरी ये. त्याआधी आलीस तर दार अप्पा उघडतील, तुला जवळ बसवतील, कशी आहेस विचारतील. मी आतल्या खोलीतून बाहेर येणार नाही.